फोटोतलं कोकरू

परभणीच्या शाळेत चित्रकला शिकवायला लागलो तेव्हा मी एका निवृत्त फारसी शिक्षकांच्या घरी खोली घेऊन राहत होतो. सगळे त्यांना उस्ताद म्हणत. हैदराबाद संस्थानाच्या विलीनीकरणानंतर शाळेत उर्दूच्या जागी मराठी आली, फारसीचा वर्ग बंद पडला आणि उस्ताद घरी बसले. बायको फार पूर्वी गेलेली, मूलबाळ नाही.

त्यांचे धाकटे भाऊ हैदराबादेत एका ग्रंथसंग्रहासाठी फोटो काढत. जुन्या इराणी पोथ्यांतल्या चित्रांचे कृष्णधवल फोटो. भाऊ वारले आणि फोटोंची पेटी उस्तादांकडे आली. फोटोंच्या पाठी कोऱ्याच होत्या. कशात काय आहे ते लिहून पेटी संग्रहाला परत करायची, एवढं भावाचं राहिलेलं काम त्यांनी अंगावर घेतलं होतं. पण नजर अधू झाली होती. सुट्टीच्या दिवशी सकाळीच हाक यायची, "या मास्तर, तुमचे डोळे घेऊन या."

मी भिंग धरून सांगत जायचो आणि ते लिहीत जायचे. पागोट्याच्या घड्या, घोड्याच्या आयाळीचा एकेक केस. तळहाताएवढ्या जागेत अख्खी बाग मावलेली. रंग मात्र दिसत नसत. मग उस्ताद डोळे मिटून म्हणत, "हे आभाळ सोनेरी असणार," आणि मी मान डोलवायचो.

एका फोटोपाशी आम्ही दोन आठवडे अडलो. बादशहाच्या शिकारीचं चित्र होतं. कोपऱ्यात एक मेंढपाळ, एक मेंढी आणि कोकरू. कोकराची रेघ दुहेरी होती, एका अंगावर दुसरं अंग असावं तशी. मी म्हणालो, "कॅमेरा हलला असेल."

"माझ्या भावाचा हात हलत नव्हता," उस्ताद म्हणाले. मला वाईट वाटलं, पण दुसरं काही सुचेना. शेवटी त्यांनीच पेन्सिल घेतली आणि फोटोच्या पाठीवर लिहायला लागले, 'कोपऱ्यात छायाचित्रातला दोष'.

तेवढ्यात जवळच्या पिंगळी गावाहून येऊन शेळीचं दूध घालणाऱ्या धनगर बाई आल्या. भांडं खाली ठेवून विचारलं, "काय बघायलात एवढं?" मी भिंग त्यांच्या हातात दिलं. त्यांनी क्षणभरच पाहिलं.

"मेलेल्या कोकराचं कातडं हाय ते. जित्या कोकराला पांघरलंय."

"कशासाठी?" उस्तादांनी विचारलं.

"ह्या मेंढीचं पिल्लू मेलं आसंल, आन् ह्या कोकराची माय. मेंढी दुसरीचं जवळ येऊ देत न्हाई, साहेब. आपल्या पिल्लाचा वास आला का पाजती. आमी बी आसंच करताव. बघा की, हुंगायलीय."

मी पुन्हा पाहिलं. मेंढीची मान वळलेली होती. कोकराच्या पोटाखालून केसाएवढी बारीक दोरी गेली होती आणि मेंढपाळाच्या बोटांत तिची गाठ होती. इतके दिवस मी ती बोटं मोजली होती, गाठ पाहिली नव्हती.

उस्तादांनी लिहिलेलं खोडलं. मग सावकाश, सुरेख उर्दू अक्षरांत सगळा मजकूर लिहिला आणि शेवटी 'हे पिंगळीच्या एका मेंढपाळ बाईंनी ओळखले' अशी ओळ घातली. मराठीत वाचून दाखवली तेव्हा बाईंनी तोंडाला पदर लावला.

त्या दिवसापासून दूध घालून झालं की त्या ओट्यावर बसून एक तरी फोटो बघून जात. एका चित्रकाराला शेळ्या काढता येत नाहीत असं त्यांचं ठाम मत झालं होतं. उस्ताद तेही लिहून घेत.

पेटी गेल्यावर दोनेक महिन्यांनी संग्रहातून पत्र आलं. मूळ चित्र काढून पाहिलं होतं. कोकरू पांढरं, वरचं कातडं तपकिरी, दोरी तांबडी. उस्तादांनी पत्र बाईंना वाचून दाखवलं.

"मंग? म्या काय खोटं बोलले व्हते?" त्या म्हणाल्या.

उस्ताद हसले, आत गेले आणि स्वतः चहा करून घेऊन आले.