नामदेवभाऊंचा दुसरा नाका

पहिल्याच दिवशी नामदेवभाऊंनी माझ्या फॉर्ममध्ये वयाच्या रकान्यात ‘वाघ’ लिहिलं. फॉर्मनं हरकत घेतली. मग ‘-४’ लिहिलं. तेही अडलं. मी कॉलर ताठ केली.

गडचिरोलीत वनहक्काचे दावे ऑनलाइन घ्यायचे होते आणि जावामधला तो प्रोग्राम माझा होता. तपासायला मिळाले हे गृहस्थ. जन्मभर जंगलनाक्यावर लाकडाचे ट्रक थांबवून निवृत्त झालेले, आता कंत्राटी ऑपरेटर. चहासुद्धा दोनदा हुंगून प्यायचे. वैताग नुसता!

मग त्यांनी फॉर्म सोडून ब्राउझरच्या वरच्या पत्त्याच्या पट्टीतच, तिथं दिसणाऱ्या वयापुढे ‘-४’ टाकलं आणि एंटर दाबलं. दावा जमा! मी तपासत होतो फक्त पानावर. आत सर्व्हरवर, दावा जिथं जमा होतो तिथं, कुणी काही विचारतच नव्हतं.

“काऊन बाप्पा, पयल्या नाक्यानं पायलं म्हून दुसऱ्यानं झोपाचं? मधात जंगल हाये ना! गाडीत काय चढलं, कोनाले मालूम?”

असा राग आला! पण आठवडाभर बसून प्रत्येक रकाना सर्व्हरवर पुन्हा तपासायची सोय केली. जोशात एक नियम वरून घातला: एका मोबाईल नंबरवर एकच दावा. साहेबांनी पाठ थोपटली.

शेवटच्या तारखेला मैनाबाई दोन बस बदलून आली. बापापासून कसत आलेल्या दोन एकरांचा पट्टा तिला हवा होता. नंबर टाकला तर फॉर्म म्हणे, हा क्रमांक आधीच नोंदवलेला आहे. तिच्या अख्ख्या गावात फोन एकच, तोही टेकडीवर चढलं तर लागणारा. सकाळीच त्यावर शेजाऱ्याचा दावा गेला होता.

“नियम काढा,” भाऊ म्हणाले.

“काढायला आता नागपूरच्या ऑफिसची मंजुरी लागते.” खरं सांगतो, माझी फाटली होती.

“चोराले अडवाचा बांबू तुमी बाईच्या डोक्यात घालून राह्यले!” म्हणत त्यांनी रकान्यात स्वतःचाच नंबर ठोकला. दावा गेला. “आता लावा माह्यावर केस.”

केस कसली लावतो! त्याच संध्याकाळी, मुदत संपायच्या आत, कुणालाही न विचारता मी तो नियम काढून टाकला.

पुढच्या वर्षी भाऊ गेले. यमालाही आधी कागद दाखवायला लावला असणार. तेरवीच्या पंगतीत त्यांचा फोन वाजला. त्यांच्या पत्नीनं, वहिनींनी, तो मला वाचायला दिला. ‘मैनाबाई, आपला दावा मंजूर झाला आहे.’

“कोन मैनाबाई?” त्यांनी डोळे वटारून विचारलं.

मी सगळं सांगितलं. वहिनी पदरानं डोळे पुसत उठल्या.

“मंग तिले सांगाले कोन जाईन? सकाळची पयली बस कितीची हाये?”