गोजराबाईंचा दुखवटा

गोजराबाई माझ्या थोरल्या जाऊबाई. मखमलाबादला आमचा झेंडू-शेवंतीचा मळा, आणि त्या नाशकात द्वारका चौकात हार विकायला बसायच्या. बाई तोंडाने फटकळ. गिऱ्हाइकाने उगाच फुलं चाचपली तरी त्याची हजेरी घ्यायच्या. पण कारगिलच्या लढाईनंतर वर्षातला एक दिवस मात्र त्यांच्या तोंडून शब्द फुटत नसे.

त्यांचा योगेश आणि दिंडोरीकडचा गोरक्ष कॉलेजातले दोस्त. दोघे एकाच दिवशी लष्कराच्या भरतीला उभे राहिले. योगेश उंचीत बोटभर कमी पडला आणि घरी आला. गोरक्ष गेला, तो नव्व्याण्णवच्या जुलैत पेटीतून परतला. आपलं पोर घरात सुखानं जेवतंय ते दुसऱ्या माउलीच्या पोराच्या जिवावर, असं जाऊबाईंच्या मनानं तेव्हा जे घेतलं ते घेतलंच.

तेव्हापासून दर वर्षी त्या तारखेला स्वतः ओवलेला हार घेऊन त्या एसटीने गोरक्षच्या घरी जायच्या. त्याची आई नवसाबाई तिथे एकटीच राही. फोटोला हार घालायचा, हात जोडायचे, भिंतीला टेकून घटकाभर मुकाट बसायचं. दुखवट्याच्या घरी चहापाणी घेत नाहीत, निघताना 'येते' म्हणत नाहीत. जाऊबाईंनी हे अगदी कसोशीने पाळलं. नवसाबाई चहा ठेवायला उठली की या तिचा हात धरून खाली बसवायच्या. शहिदाच्या घरी पाहुणचार घ्यायचा, हे त्यांना पाप वाटायचं.

आठव्या वर्षी मी सोबत गेले. नवसाबाईने न विचारताच पिठलं-भाकरीची दोन ताटं वाढली होती. जाऊबाईंनी ताटाला नमस्कार केला आणि निघायला उठल्या. तशी नवसाबाई दारात आडवी उभी राहिली.

"बाई, तुमचे लय उपकार हायेत. आता कोणी येत नाय, तुम्ही येता. पण तुम्ही आल्या की माझं पोर आजच गेल्यावानी होतं. आठ वर्सं झाली. माझ्या घरचं सुतक कधी फिटायचं?"

जाऊबाई दारातून मागे फिरल्या. मला त्यांची कीव आली आणि स्वतःचा रागही आला, कारण इतकी वर्षं मीही त्यांचं कौतुकच करत होते.

आम्ही जेवायला बसलो. नवसाबाई हळूहळू बोलायला लागली. गोरक्ष पिठल्याच्या खरवडीसाठी भांडायचा. अंधाराची त्याला फार भीती. अकरावीत गेला तरी चिमणी विझवू देत नसे. आणि त्याला पहाऱ्याला रात्रीचंच उभं करायचे, असं त्याने पत्रात लिहिलं होतं. जाऊबाईंचा घास हातातच राहिला.

परतताना एसटीत त्या खिडकीकडे तोंड करून रडत होत्या. मी पाठीवर हात ठेवला.

"आठ वर्सं हार घातला गं साधना," त्या म्हणाल्या, "अन् ते पोर अंधाराला भीत व्हतं, एवढं सुदिक कधी इचारलं नाय."