बेलटोल्याची बस

कुंदाताईंनी मला नाव विचारलं ते माझ्या वेण्यांच्या रिबिनी सोडताना. नागपूरच्या रेडिओ केंद्रात त्या सादर करत त्या महिलांच्या कार्यक्रमासाठी आईला बोलावलं होतं आणि मी सोबत गेले होते. काचेपलीकडे मशीनवर बसलेले साहेब म्हणाले, "बाईंना बांगड्या काढायला सांगा, आवाज येतोय." आई खुर्चीवरून उठलीच.

"काहून काढू वं बाई? माहा मालक घरी धडधाकट हाये. नाई बोलत मी रेडिओवर. चाल वं पोरी!"

नवरा असताना बाईनं हात रिकामे करायचे नसतात, हे त्या साहेबांना ठाऊक नसावं. कुंदाताई हसल्या. "बसा वहिनी. त्यांच्या हातात नुसतं घड्याळ, त्यांना काय कळणार?" त्यांनी माझ्या दोन्ही रिबिनी घेऊन आईच्या बांगड्या मनगटांशी घट्ट बांधल्या. मी मोकळ्या केसांनी कोपऱ्यात बसले.

आई बोलायला आली होती ते माझ्याच शिक्षणाबद्दल. मी दहावी पास झाले होते. अकरावीचं कॉलेज मौद्याला होतं आणि सकाळी त्या वेळेला आमच्या बेलटोल्यात बस येत नव्हती. बाबांनी सांगून टाकलं होतं, "बस नाई, तं कॉलेज नाई." माझ्या आधीच्या मुली अशाच घरी बसल्या आणि त्यांची लग्नं झाली. माझ्यासाठीही एक स्थळ येऊन गेलं होतं. शेवटी बचत गटातल्या बायकांनी आईला पुढं केलं.

पण रेकॉर्डिंगचा लाल दिवा लागला आणि आईच्या तोंडून शब्द फुटेना. कुंदाताईंनी हातातला कागद उलटा ठेवला. "वहिनी, माझ्याकडे बघा. पोरगी हुशार आहे का हो?"

"तं! हुशार नसती तं मी कायले आली असती इथं?" आणि मग आई थांबेचना. "मले तिच्या हातच्या पोया नाई पायजे. तिनं मास्तरीन व्हावं. बस दूर फाट्यावरून जाते, आत यायले तिले काय होते?"

साहेब म्हणाले, भाषा जरा शुद्ध करून पुन्हा घ्या. कुंदाताई म्हणाल्या, "शुद्ध बोलायला मी आहे ना रोज. यांचं यांना बोलू द्या."

आईचं बोलणं रेडिओवर जसंच्या तसं लागलं. पण बस काही आली नाही. मग कुंदाताई दर आठवड्याला कार्यक्रम संपताना, हवामान सांगावं तशा शांतपणे, एक वाक्य म्हणू लागल्या : "बेलटोल्याच्या मुलींची बस अजून सुरू झालेली नाही." साहेबांनी हटकलं, "ही काय बातमी आहे?" त्या म्हणाल्या, "नाही साहेब, आठवण आहे."

एक दिवस डेपोच्या अधिकाऱ्यांचाच त्यांना फोन आला. "मॅडम, तुमचं ते वाक्य आता थांबवा. माझी आई रेडिओ ऐकते. मी जेवायला बसलो की विचारते, काहून गा, पोरींची बस सुरू केली का नाही? मला घास गिळू देत नाही."

"थांबवते की," कुंदाताई म्हणाल्या. "बस कधीपासून सोडता?"

हा किस्सा त्या आजही सांगतात आणि सांगताना स्वतःच जास्त हसतात. काळ्या केसांनी रेडिओत लागल्या, पांढऱ्या केसांनी निवृत्त झाल्या. आता रविवारी हिंगण्याजवळच्या कामगार वस्तीत जातात. नळाचं, दिव्याचं गाऱ्हाणं घेऊन ग्रामसभेत जायचं असलं, की बायकांना ते आधी मोबाईलवर बोलायला लावतात आणि त्यांचं त्यांनाच ऐकवतात. "आवाज तुमचाच आहे, घाबरता काय त्याला?" असं म्हणतात. मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. आज शाळेत शिकवते. कधी त्यांचे आभार मानायला गेले तर म्हणतात, "मी काय केलं? माईक पुढं सरकवला. चहा घे."

पण मला माहीत आहे त्यांनी काय केलं. बस पहिल्यांदा गावात आली त्या सकाळी बायकांनी ड्रायव्हरला कुंकू लावलं, नारळ फोडला. बाबा माझी पिशवी हातात धरून बाजूला उभे होते. ती माझ्याकडे देत नव्हते. दार उघडलं, तर आत कुंदाताई बसलेल्या. पहाटे नागपूरहून निघून त्या मौद्याला बसमध्ये चढल्या होत्या.

"बाई, तुमी?" बाबा म्हणाले.

"बस खरंच आली की नाही, पाहायला नको? मला रेडिओवर सांगायचं आहे."

बाबांनी ड्रायव्हरला विचारलं, "सांजच्याले परत आणून सोडशीन ना गा?"

"आणतो ना काका. रोजची ड्युटी आहे माही."

मग पिशवी बाबांनी माझ्या हातात नाही, कुंदाताईंच्या हातात दिली आणि मला म्हणाले, "जाय मंग."

मी चढले. कुंदाताई खिडकीपासून सरकल्या. "इथं बस," त्या म्हणाल्या. "गाव दिसेनासं झालं की पुस्तक काढ."