तिच्यासाठीचा आवाज

कडोली गावाकडून आमच्या इंग्रजी शाळेत येणारी व्हॅन रोज उशिरा पोचते. त्या मुलांना दाराजवळचा शेवटचा बाकच उरतो. आपली नजर कुणाकडे जाते ते पाहा, असं आम्हा शिक्षकांना प्रशिक्षणात सांगितलं होतं. मी पाहिलं. प्रश्न विचारला की माझी नजर खिडकीकडच्या रांगेत जायची, वकिलांच्या, प्राध्यापकांच्या मुलांकडे. दाराकडे क्वचितच. कळलं म्हणजे सुटलं, असं तेव्हा वाटलं होतं.

त्या शेवटच्या बाकावर पाचवीतली एक मुलगी बसायची. एकदा मधल्या सुट्टीत व्हरांड्यात मी आईशी फोनवर बोलत होते. "व्हय गं, जेवलो," म्हणून फोन ठेवला, तर ती मागेच उभी. चेहरा उजळलेला.

"मिस, तुमीबी आमच्यासारखंच बोलतासा!"

"इंग्लिश, प्लीज," मी म्हणाले. खानापूरकडचं आमचं खेडं आणि तिथली बोली मी रोज शाळेच्या फाटकाबाहेर ठेवून येते.

तिचे वडील बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत, फौंड्रीत ओतकामाला. पालकसभेत ते म्हणाले, "दिवाळीपातूर वर्गात तोंड उघडलं न्हाय, तर गावातल्याच शाळेत घालतो. उगं व्हॅनमधनं फिरवून काय करायचं?"

"न्हाय आप्पा, बोलतो मी!" तिनं त्यांची बाही धरली. तिला इथंच राहायचं होतं.

मग मी तिला रोज विचारू लागले. सोपे प्रश्न, हळू, मऊ आवाजात. आधी एक शब्द आला, मग पूर्ण वाक्य. मला आशा वाटू लागली.

एका सकाळी वर्गाच्या दाराशी पोचले, तर आतून माझाच आवाज. खिडकीकडच्या रांगेतला एक मुलगा मान तिरकी करून म्हणत होता, "टेक युवर टाइम, बाळा... टेक युवर टाइम." वर्ग हसून लोटपोट. हुबेहूब माझी नक्कल. इतरांना मी नुसते प्रश्न विचारायचे. हा आवाज फक्त तिच्यासाठी होता. ती कच्ची आहे, हे साऱ्या वर्गाला मीच रोज ऐकवत होते.

तीही हसत होती. सगळे हसतात म्हणून.

त्यानंतर तिला विचारलं की वर्ग मजा बघायला गप्प व्हायचा आणि ती खाली बघायची. नाही विचारलं, तर तो बाक पुन्हा पूर्वीसारखाच. मी दोन्ही करून पाहिलं.

दिवाळी झाल्यावर वडील तिचा शाळा सोडल्याचा दाखला न्यायला आले. ती शेजारी उभी होती.

"लई केलासा मिस तुमी तिच्यासाठी," ते म्हणाले. "तुमचं गाव कुठलं म्हणायचं?"

खूप दिवसांनी तिनं मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं.

"इथलीच मी. बेळगावची," मी म्हणाले, अगदी स्वच्छ मराठीत.

तिची मान पुन्हा खाली गेली.

"चल गं," वडील म्हणाले.