शेजारचा नंबर

जिन्याखालच्या खोलीतल्या शिलाईवाल्या मावशींनी तीस वर्षं एकाच मशीनवर काढली. गल्लीतल्या निम्म्या पोरांचे गणवेश त्यांच्या हातचे. "तुमची कंबर बघून टेपही दमला हो वहिनी," असं मलाच ऐकवायच्या.

उन्हाळ्यात त्यांना दिव्याभोवती रंगीत वलयं दिसू लागली. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, डोळ्यांतला दाब वाढलाय, लगेच ऑपरेशन केलं तरच नजर टिकेल. तारीख मात्र फोनवरूनच घ्यायची. मावशींकडे फोन नाही. त्या पहाटेच जाऊन खिडकीपुढे बसल्या.

खिडकीवाला म्हणाला, "मावशी, रांग आता फोनात असते."

"अरे, पण माझ्यापुढे कुणीच नाही!"

"दोनशे जण आहेत. घरी बसलेत."

चार दिवस त्या तशाच बसून आल्या, मग मला सांगितलं. दुसऱ्या दिवशी जप आटोपून मी माझा फोन घेऊन सोबत गेले. केसपेपरचा नंबर टाकला, तर 'कोड पाठवला आहे' असं आलं. कुठे? केसपेपरवर नंबर होता आमच्या घरचा, जुना. केसपेपर कित्येक वर्षांपूर्वीचा; तेव्हा ज्याच्याकडे फोन नाही तो शेजारचाच द्यायचा. आमचा तो तारेचा फोन काढून सात वर्षं झाली.

"नंबर बदलून द्या," मी म्हटलं.

"देतो ना. जुन्या नंबरवर कोड येईल, तो सांगा."

मावशींना हसूच आलं. "म्हणजे आधी वहिनींचा फोन जिवंत करायचा, मग माझे डोळे!"

मी अर्ज लिहून दिला. तो वरच्या ऑफिसात गेला, तिथून आणखी वर. रोज देवापुढे हात जोडत होते. नंबर बदलायला साडेतीन महिने लागले.

काल डॉक्टरीणबाईंनी तपासलं. उजवा डोळा गेला. डाव्याचं थोडं उरलंय, तेवढ्यासाठी सोमवारी ऑपरेशन. त्या चिडून म्हणाल्या, "इतका उशीर? आधी नाही का यायचं?"

"आले होते बाई," मावशी म्हणाल्या. "रोज सगळ्यांच्या आधी."

आज त्यांनी मला कपडे परत करायला बोलावलं. एकेक कापड हाताने चाचपून त्या कुणाचं ते सांगत होत्या, मी गठ्ठे बांधत होते. शेवटी माझ्या नातीचा फ्रॉक निघाला. एकच बाही लावलेली.

"हा दुसऱ्या कुणाकडून पुरा करून घ्या वहिनी."

तसाच घरी आणला. देवा, सोमवारी त्यांचा डावा डोळा तेवढा सांभाळ.