मास्तरांच्या एकोणीस कतरणी

मास्तरांच्या सदऱ्याच्या खिशात पेन नसायचं, लाल कापडाच्या कतरणी असायच्या. मी एकदा मोजल्या, एकोणीस भरल्या. पलसाण्याच्या एका डाइंग मिलमध्ये तीस वर्षं त्यांनी मास्तर म्हणून कापडाचे रंग जुळवले. मिल सुटली, सवय सुटली नाही. भाजीवालीचा टोमॅटोसुद्धा ते कतरणीला लावून पाहत. आमच्या चेअरमनच्या काळ्याभोर केसांबद्दल त्यांचं मत होतं, "पहिल्या धुण्यात उतरेल."

पर्वत पाटियाच्या आमच्या सोसायटीत शाळेतले मास्तर दोन आहेत, पण नुसतं 'मास्तर' म्हटलं की हेच.

पारोळ्याच्या शेताच्या बांधावरून त्यांनी नेपतीचं रोप आणून कंपाउंडच्या कोपऱ्यात लावलं होतं. सात वर्षांत ते कमरेएवढं झालं. पान कोवळ्या फांदीवर सुईएवढं येई आणि लगेच गळून जाई. उरत ते जोडीजोडीने वाकडे काटे आणि मुळात हिरव्या, पण रस्त्याच्या धुळीने करड्या झालेल्या काड्या. "पान म्हणजे पाणी उडवायचा धंदा," मास्तर सांगत. "ही शहाणी आहे, काडीवरच स्वयंपाक उरकते." मी दया येऊन रोज बादलीभर पाणी घालू लागलो, तर चार दिवस त्यांनी माझ्याशी अबोला धरला.

गेल्या दिवाळीनंतर चेअरमननी ते झुडूप काढून तिथे टू-व्हीलर लावायचा ठराव मांडला. "मास्तर, आ तो मरी गयुं छे," ते गुजरातीत म्हणाले. सात वर्षांत एकही फूल आलं नव्हतं, हे खरंच होतं. चेअरमन रोज जेवताना ज्या केरड्याचं लोणचं खातात ते याच झाडाचं फळ, हे मास्तरांनी आधी सगळ्यांना ऐकवलं. मग माझ्याकडे वळून घरच्या अहिराणीत म्हणाले, "भाऊ, ते मरेल नही शे. नख लाई देखा."

मी सेक्रेटरी. न पाहता ठराव लिहीत नाही. सगळ्यांना खाली नेलं आणि पाच काड्या नखाने खरवडल्या. पाचही ओल्या, हिरव्यागार. चैत्र संपेपर्यंत मुदत मिळाली. तोवर फुललं नाही तर आपल्या हाताने उपटीन, असं मास्तरांनी कबूल केलं.

पण होळीआधीच गावी थोरली बहीण आजारी पडली. तिला दुसरं कुणी नाही. मास्तर घर आवरून पारोळ्याला गेले, ते कायमचेच. निघताना कतरणींचा जुडगा माझ्या हातात दिला. फूल आलं तर उन्हात लावून बघा, ट्यूबलाइटखाली नको, एवढंच बजावलं.

पाडव्यानंतर सहाव्या दिवशी सकाळी पाहतो तर उघड्या काड्यांवर विटकरी लाल फुलं, चार-चार पाकळ्यांची, लांब केसर बाहेर काढून बसलेली. चोवीस होती. चेअरमन माझ्याआधी येऊन मुकाट्याने फोटो काढत होते.

मी मास्तरांना फोन लावला. फोटो पाठवू का, विचारलं, तर नको म्हणाले, फोटोत रंग खोटा येतो. मग फोन कानाला धरून उन्हात एकेक कतरण फुलाला लावली. आठवी जवळची वाटली, चौदावी आणखी जवळची. जुळली एकही नाही. त्यांना बरं वाटावं म्हणून चौदावीचं नाव घ्यावं असं क्षणभर मनात आलं, पण जे होतं तेच सांगितलं.

पलीकडे मास्तर हसले. "मग ती नेपतीच आहे," ते म्हणाले. "मिलमध्ये एकोणीस वेळा करून पाहिला भाऊ, तो लाल मला कधी जमलाच नाही."