गोरक्षच्या गाडीतली झोप

गोरक्षवर माझा राग होता, हे आधीच सांगून टाकते. मी घोटीजवळच्या एका वाडीवर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते आणि गोरक्ष आमच्याच वाडीतली मुलं पिवळ्या गाडीत घालून घोटीच्या इंग्रजी शाळेत नेतो. नऊ वर्षं झाली. त्याची गाडी भरत गेली, तशी माझी शाळा रिकामी होत गेली.

पण माणूस असा, की त्याच्यावर धड रागावताही येत नाही. सकाळी साडेसहाला भातखाचरांवर धुकं असतं. त्यातून त्याची गाडी बैलगाडीच्या चालीनं जाते. हॉर्न नाही, गाणी नाहीत, कारण आत अकराच्या अकरा मुलं एकमेकांच्या खांद्यावर झोपलेली. एकदा मला घोटीला जायचं होतं म्हणून त्या गाडीत बसले, तेव्हा बघितलं. खड्डा आला की तो श्वास रोखून धरायचा आणि मग आरशात बघून हसायचा. "माझी गाडी म्हंजे पाळणा हाय, मॅडम," म्हणाला. बाहेर धुक्यात बुडालेले डोंगर, आत ते इवलंसं घोरणं. मलाही डुलकी लागली, खोटं कशाला बोलू?

यंदा नवी तीन मुलं धरूनही माझा पट एकोणीसच भरत होता. वीसच्या आतली शाळा उचलून मोठ्या गावच्या शाळेला जोडणार, अशी बोलवा होती. पहिलीची पोरं ओढा ओलांडून तीन किलोमीटर जाणार कशी? मला एकच मूल कमी पडत होतं आणि ते गोरक्षच्या घरात होतं. हर्षाली, त्याची सहा वर्षांची लेक.

मी तीनदा त्याच्या दारात गेले. तिसऱ्यांदा त्यानं खरं कारण सांगितलं. "मॅडम, लोक माझ्याकडं बघून पोरं धाडतात. मीच माझी पोर तुमच्याकडं घातली, तर माझ्या गाडीत कोन बसंल?" मी चहा पिऊन परत आले.

शाळेच्या पहिल्या दिवशी नव्या मुलांना आम्ही वाजतगाजत आणतो. यंदा ट्रॅक्टर मिळेना, म्हणून निर्लज्जासारखी गोरक्षलाच गाडी मागितली. घोटीची शाळा सोमवारी उघडायची होती, त्यामुळे तो मोकळाच होता. लगेच हो म्हणाला, वर फुगेही त्यानंच बांधले. तीन मुलं वरच्या पाड्यावरून आणायची होती. नुसतं फिरायला म्हणून हर्षालीही बसली.

इकडे फाटकाशी लेझीम सज्ज, ताटात कुंकवाचं पाणी तयार. नव्या मुलाचा पाय त्यात बुडवून कागदावर ठसा घ्यायचा, ही आमची रीत. धुक्यातून फुगेवाली गाडी आली. हळू, अगदी हळू. आणि फाटकासमोरून सरळ घोटीच्या रस्त्याला लागली! लेझीम थांबलं. मी हाका मारत राहिले. नऊ वर्षांची सवय. मागे मुलं झोपली की गोरक्षचे हात आपोआप तिकडंच वळत.

अर्ध्या तासानं गाडी परत आली. मी फणफणतच पुढे झाले. तो हर्षालीला खांद्यावर घेऊन उतरला. ती गाढ झोपेत होती.

"घोटीच्या फाट्यावर आरशात बघितलं," तो म्हणाला. "रोज बघतो तशीच पोरं. पन आज त्यात माझी व्हती. तोंड उघडं, मान लोंबलेली. मनात आलं, हिला आता रोज साडेपाचला उठवायचं? मॅडम, मला वाटायचं, मी गाडी लय चांगली चालवतो म्हनून झोपतात. तसं नाय. दमलेली असतात ओ ती."

त्यानं वाकून तिचा पाय ताटात टेकवला, मग कागदावर. ती जागी झाली नाही.

"लिवा नाव."

माझे डोळे भरून आले, ते मी लपवले नाहीत. रजिस्टर उघडलं. तेवढ्यात तो हळूच म्हणाला, "पन सोमवारी त्या अकरा जणांच्या दारात जायचंय. त्यांच्या आईबापांना मी काय सांगू?"

मी विसावं नाव लिहिलं.